बीटी कपाशी आणि आपलं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात कृषी केंद्रांसमोर गर्दी झाली की हे प्रश्न यायला लागतात. ऑक्टोबरात बोंडं किडकी निघाली की पुन्हा एकदा येतात. विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात: कपाशी लावणारे, कपाशी लावणाऱ्यांची शहरात नोकरी करणारी मुलं, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे. तिसऱ्यांना एका ओळीचं उत्तर हवं असतं; इथे ते क्वचितच सापडेल. कोणतं वाण घ्यावं आणि पंपाला किती औषध टाकावं, हे इथे सांगितलेलं नाही. ते जमीन आणि हंगाम बघूनच ठरवावं लागतं.

१. बीटी म्हणजे नेमकं काय? बियाण्याला विष चोळलेलं असतं का?

नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (आद्याक्षरांवरून बीटी) नावाचा जिवाणू मातीत सापडतो. तो ‘क्राय’ गटातली प्रथिनं तयार करतो. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी वातावरण असतं, तिथे हे प्रथिन विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. हे प्रथिन तयार करणारं जनुक कपाशीत बसवलं म्हणजे झाली बीटी कपाशी. आता झाडच आपल्या पानात, पातीत, बोंडात ते प्रथिन तयार करतं.

सरकीवर जो लाल-निळा रंग दिसतो, त्याचा बीटीशी काही संबंध नाही. ती बीजप्रक्रिया असते, बहुतेकदा रसशोषक किडींसाठी, आणि ते मात्र खरोखर कीटकनाशक असतं. टोबणी (हाताने बी लावणं) करून तेच हात भाकरीला लावू नयेत.

बीटी फक्त बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. ‘बीटी लावूनही फवारण्या का?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं प्रश्न ५ मध्ये.

२. अळी मरते, मग सरकीचं तेल आणि ढेप आपल्याला आणि गुरांना कशी चालते?

माणसाच्या पोटात आम्ल असतं, तिथे हे प्रथिन पचून जातं. शिवाय ते ज्याला चिकटतं त्या जागा सस्तन प्राण्यांच्या आतड्यात नसतात. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. ढेपेत ते असतं, पण गुरांना त्यापासून अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. २००६ च्या सुमारास आंध्रात बीटीच्या शेतात चरून मेंढ्या मेल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. मृत्यू खरे होते, कारण बीटी हे सिद्ध झालं नाही. शेत नुकतंच फवारलेलं असेल तर तिथे मेंढ्या बसवणं कोणत्याही वाणात धोक्याचंच.

सरकीत गॉसिपॉल नावाचं नैसर्गिक विषद्रव्य असतं, देशी कपाशीतही. वासरांना ढेप बेतानेच घाला असं घरची म्हातारी माणसं सांगतात ते त्यामुळे.

३. हे बियाणं भारतात कधी आणि कसं आलं? शेतकऱ्यांना कोणी विचारलं होतं का?

अधिकृत तारीख २६ मार्च २००२. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने त्या दिवशी जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. जनुक मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीचं, संकर महिकोचे.

पण गोष्ट त्याआधीची आहे. २००१ साली गुजरातेत हिरव्या बोंडअळीने कपाशी झोपवली. काही शेतं मात्र उभी राहिली. त्यांत ‘नवभारत १५१’ नावाचं वाण होतं आणि तपासात त्यात बीटी जनुक सापडलं, तेही कोणत्याही परवानगीशिवाय. सरकारने ही कपाशी उपटून जाळायला सांगितली. शेतकऱ्यांनी नकार दिला. जे पीक हातात आलंय ते कोण जाळणार? शरद जोशी आणि शेतकरी संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य ही त्यांची जुनीच मागणी होती. याच्या नेमकं उलट, कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने १९९८ मध्ये चाचणीचे प्लॉट उपटून जाळले होते. दोन्ही शेतकऱ्यांच्याच संघटना. त्यामुळे ‘शेतकऱ्यांचं म्हणणं’ असं एकच काही होतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ग्रामसभेत विचारणा वगैरे झाली नाही. सरकारने हो म्हणायच्या आत बियाणं शेतात पोचलं होतं. हाच प्रकार पुढे पुन्हा घडला (प्रश्न १३).

४. उत्पादन वाढलं की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.

आधी वाढलं. नंतर थांबलं आणि थोडं घसरलं.

देशाची सरासरी बीटीच्या आधी हेक्टरी ३०० किलो रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) आसपास होती. २००७-०८ पर्यंत ती ५५० किलोच्या घरात गेली. पुढे ती तिथेच घुटमळली आणि अलीकडे ५०० च्याही खाली आली. या काळात बीटीखालचं क्षेत्र मात्र नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेलं आहे. म्हणजे क्षेत्र वाढत गेलं, तसं उत्पादन वाढत गेलेलं नाही.

वाढीचं श्रेय किती बीटीला आणि किती बाकीच्या गोष्टींना, यावर अभ्यासकांत भांडण आहे. त्याच वर्षांत गुजरातेत पाण्याची सोय वाढली, खताचा वापर वाढला, नवे संकर आले, पावसानेही साथ दिली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला. सुरुवातीला घटलेला कीटकनाशकांचा खर्च पुन्हा चढून बीटीपूर्वीच्याही वर गेला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दुसरीकडे मतीन कैम यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ पहिल्या दशकातला फायदा खरा होता, लहान शेतकऱ्यांनाही झाला, असं आकड्यांनिशी दाखवतात. दोन्ही वाचले तर लक्षात येतं की ते बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलतायत.

महाराष्ट्राचं वेगळं सांगावं लागतं. इथे चाळीस लाख हेक्टरच्या आसपास कपाशी असते, देशातल्या क्षेत्राचा साधारण तिसरा हिस्सा. ती बहुतांश कोरडवाहू, आणि हेक्टरी उत्पादन देशाच्या सरासरीपेक्षा कायम खाली. बियाण्यातलं जनुक अळी मारतं. पावसाचा खंड पडला तर पाणी देत नाही.

५. मग बोंडअळी परत का आली? बियाणंच बोगस होतं ना?

बोगस बियाणं विकलं जातं, हे खरंच आहे. पण २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात जे झालं, त्यात चांगल्या कंपन्यांची, पावतीसह घेतलेली बियाणीही सापडली होती. अळीच बदलली होती.

परत आली ती गुलाबी बोंडअळी. हिरव्या अळीवर बीटीचा धाक पुष्कळ काळ टिकला. गुलाबीचं जगणंच वेगळं. ती जवळपास कपाशीवरच जगते, बोंडात शिरली की बाहेर येत नाही, आतली सरकी खाते. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. फुलाच्या पाकळ्या न उमलता गुंडाळलेल्या दिसल्या, ज्याला आपण डोमकळी म्हणतो, तीच पहिली खूण.

कोणत्याही विषाला तोंड देऊ शकणाऱ्या दोन-चार अळ्या लाखांत असतातच. बाकीच्या मेल्या की त्यांचाच वंश वाढतो. एका प्रथिनाला ती दाद देत नाही हे २०१० मध्ये खुद्द मोन्सॅन्टो कंपनीने गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांबाबत मान्य केलं. दोन प्रथिनं असलेलं बोलगार्ड-२ तोवर, २००६ पासून, बाजारात होतंच. काही वर्षांत तेही थकलं.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते. आपली बीटी कपाशी संकरित आहे. संकराच्या झाडात जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत ते उतरत नाही. एका जनुकाचं वाण असेल तर चारातली एक सरकी बिनबीटी निघते. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी घास आलटूनपालटून मिळतो, आणि विष पचवायची सवय लावायला याहून सोयीची जागा नाही. संकर का निवडले गेले, ते प्रश्न ८ मध्ये.

माझं मत विचाराल तर जनुकाने आपलं काम चोख केलं. ते ज्या रूपात आणि ज्या अर्धवट माहितीसह गावात उतरवलं गेलं, तिथे घोळ आहे.

६. पाकिटात नॉन-बीटीची छोटी पुडी यायची. ती आम्ही फेकून देत होतो. त्याने काय बिघडलं?

पुष्कळ बिघडलं, पण एकट्या तुमच्यामुळे नाही.

४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅमची ती पुडी ‘रेफ्युजी’साठी, म्हणजे अळीला आसरा म्हणून सोडायच्या बिनबीटी पट्ट्यासाठी होती. नियम असा: शेताच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल तेवढ्यावर बिनबीटी लावायची. त्यावर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी मीलन करतील आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणारी निघेल, असा हिशेब.

चार एकरवाल्याला सांगायचं की पाऊण एकर अळीला खायला सोड. त्याला हे का करायचं ते कोणी धड सांगितलं नव्हतं. पुडीतलं वाणही बऱ्याचदा वेगळ्याच उंचीचं, वेगळ्या वेळी फुलणारं निघायचं. मग लोकांनी फेकली, कोणी गुरांना घातली, तर कोणी तिथे तूर लावली. पुढे बिनबीटी बी बीटीतच मिसळून द्यायची पद्धत आली. हल्लीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट तेच. आता फेकायला वेगळं काही उरलेलं नाही. फक्त हे शहाणपण बोंडअळी बदलून गेल्यावर सुचलं.

चीनमध्ये संकराच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरायची चाल वाढली. त्यात पाव झाडं आपोआप बिनबीटी निघाली आणि गुलाबी अळीची प्रतिकारशक्ती मागे हटली. अमेरिकेने बीटी, नपुंसक केलेले पतंग आणि कडक देखरेख असं सगळं एकत्र वापरून २०१८ मध्ये ही अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. तिथली शेतं शेकडो एकरांची, हे विसरू नये.

७. माझी कपाशी मी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवली तर शेजाऱ्याच्या पोटात का दुखावं?

फरदडीतून, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पाणी देऊन ठेवण्यातून, मिळणारा पैसा खरा आहे. पाणी असेल आणि भाव चढा असेल तर मोह होतोच. पण थंडीनंतर बाकी सगळीकडे कपाशी संपलेली असताना तुमचं शेत गुलाबी अळीला जेवण पुरवत राहतं, आणि पुढच्या जूनमध्ये पतंग तुमच्या बांधाशी थांबत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) काढणं, बांधावर रचून न ठेवणं, जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावणं, आणि १ जूनआधी लागवड न करणं, हे एका शेतात करून उपयोग नाही. गावाने केलं तरच त्याचा गुण येतो. राज्य सरकार बियाण्याची विक्रीही त्यामुळेच लवकर सुरू होऊ देत नाही. ठिबकवर मे महिन्यातच लागवड करणारे खानदेशातले बागायतदार यावर चिडतात. त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही, त्यांच्या गणितात लवकर लागवड बसते.

शेतातल्या देखरेखीसाठी हेक्टरी पाच सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजा.

८. दरवर्षी बियाणं विकतच का घ्यावं लागतं? बाहेरच्या देशांतही असंच आहे का?

तुमच्या पाकिटातलं बी संकरित आहे म्हणून. त्याची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत. बीटी आहे म्हणून नव्हे. बीटी जनुक सरळ वाणातही (ज्याचं घरचं बी पुन्हा पेरता येतं अशा) बसतं, आणि अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया इथे कपाशी सरळ वाणाचीच असते.

संकरित कपाशीत भारत पहिला. १९७० साली सुरतेहून आलेला ‘हायब्रिड-४’ हा व्यापारी पातळीवरचा जगातला पहिला कापूस संकर. त्या काळी ही मोठीच झेप होती; पुढे आपल्याकडे ‘नांदेड-४४’ने गावंच्या गावं धरली. संकर तयार करायला प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि मजूर स्वस्त असतील तरच ते परवडतं. आंध्र आणि गुजरातच्या बीजोत्पादन प्लॉटवर या कामाला लहान मुली जुंपल्या जात, हा त्या झेपेचा कमी बोलला जाणारा भाग.

बीटी आलं तेव्हा कंपन्यांनी ते संकरातच घातलं. कारण सरळ आहे: शेतकरी दरवर्षी परत येतो. परिणाम मात्र कोरडवाहू शेतावर झाला. महाग बी विरळ लावायचं, चार बाय दीड फुटावर, एकरी सात हजार झाडं. झाड पसरतं, उंच होतं, सहा-सात महिने उभं राहतं. शेवटचे दोन महिने जमिनीत ओल नसते आणि गुलाबी अळी भरात असते. सरळ, बुटकं, लवकर येणारं वाण दाट लावलं तर एकरी चाळीस हजार झाडं बसतात. प्रत्येकाने थोडीच बोंडं दिली तरी चालतात आणि अळी जोर धरायच्या आत वेचणी संपते. नागपूरच्या संस्थेने हलक्या जमिनीसाठी या सघन लागवडीचा आग्रह धरला आहे, तो यासाठी.

सरकारी बीटी वाण आलंच नाही असं नाही. ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण, घरचं बी ठेवता येईल असं, २००८-०९ च्या सुमारास आलं. त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक मिसळलेलं सापडलं आणि ते मागे घ्यावं लागलं. त्या एका नामुष्कीत आपली बरीच वर्षं गेली. नंतर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रिड-२ महाबीजने बीटीत आणला, पण तोवर बाजार खासगी कंपन्यांचा झाला होता.

९. घरचं बी ठेवलं किंवा शेजाऱ्याला दिलं तर गुन्हा आहे का?

नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. ब्रँडचं नाव छापून मात्र विकता येत नाही. हा हक्क परवानगी नसलेल्या वाणाला लागू पडत नाही (प्रश्न १३).

१०. पाकिटाची किंमत कोण ठरवतं?

केंद्र सरकार, दरवर्षी मार्चच्या सुमारास. सुरुवातीला पाकीट १,६०० रुपयांच्या घरात होतं आणि त्यातला मोठा भाग जनुकाच्या स्वामित्वशुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, त्यानंतर किंमत ७५० पर्यंत उतरली. डिसेंबर २०१५ च्या आदेशापासून देशभर एकच कमाल दर असतो. २०२४ साठी बोलगार्ड-२ चा ८६४ रुपये होता. ‘मागणीचं वाण’ म्हणून कोणी जास्त मागितले तर ते बेकायदा आहे. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करा, आणि पावती घ्या.

११. बीटीमुळे शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, हे खरं का?

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी राजकारणासाठी वापरला जातो, म्हणून जरा थांबून बघू.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी आयुष्य संपवलं. दरवर्षी त्या दिवशी लोक अन्नत्याग करतात. तेव्हा बीटी यायला सोळा वर्षं होती. इफ्प्री या अन्नधोरणाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये देशभरचे आकडे तपासले; बीटीमुळे आत्महत्यांची लाट आली याला आधार सापडला नाही.

म्हणून बीटीचा काहीच संबंध नाही, असंही म्हणता येत नाही. विदर्भात बीटी आलं त्याच वर्षांत कापूस एकाधिकार खरेदी योजना (सगळा कापूस सरकारने घ्यायची) मोडकळीला आली, भाव पडले, बँका हात आखडत्या झाल्या आणि सावकार होताच. अशा वेळी महाग बियाणं, त्यामागे खत आणि औषधं, असा पेरणीआधीचा रोख खर्च वाढला. पाऊस झाला तर बरं. नाही झाला तर बुडणारी रक्कम पूर्वीपेक्षा मोठी. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पतपुरवठा, व्याजमाफी आणि सिंचन होतं. दुखणं कुठे आहे हे तेव्हाही माहीत होतं.

१२. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीने माणसं का मेली? बीटीने फवारणी कमी होणार होती ना?

त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं दगावली, शेकडो रुग्णालयात गेली, काहींची दृष्टी अधू झाली. बरेचसे दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते. कर्ज, बियाणं, विमा या सगळ्या चर्चेत हा माणूस कुठेच नसतो, कारण त्याच्या नावावर सातबारा नाही.

कारणं एकात एक गुंतलेली होती. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे औषध वरून तोंडावर यायचं. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधं आणि वर एखादं टॉनिक एकत्र करून मारणं सुरू होतं. पेट्रोलच्या आणि बॅटरीच्या पंपांनी पूर्वीपेक्षा बारीक आणि जोरदार फवारा येत होता. वर ऑक्टोबरची उकाड्याची हवा. पोशाख, हातमोजे, चष्मा घाला असं सांगणं सोपं आहे. त्या उन्हात तो पोशाख अर्धा तास घालून बघावा. सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि पाच कीटकनाशकांवर पाच जिल्ह्यांत दोन महिने बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस त्यात होतं.

कुणाला बाधा झाली तर आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घेऊन रुग्णालयात न्या. वेगवेगळ्या विषांवर वेगवेगळे उपचार असतात. एकत्र मिसळलेलं असेल तर सगळे डबे न्या.

१३. ‘चोरबीटी’ सगळेच लावतात. मग सरकार परवानगी का देत नाही?

चोरबीटी म्हणजे एचटीबीटी: बोंडअळीच्या जनुकांसोबत ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारं जनुक असलेली कपाशी. फवारलं की तण मरतं, कपाशी उभी राहते. अधिकृत अर्ज महिकोने केला होता आणि २०१६ मध्ये मागे घेतला. त्यानंतर बी गुजरात-तेलंगणाच्या वाटेने येत राहिलं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी उघडपणे ते पेरून सविनय कायदेभंग केला. तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्यात याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. एवढ्या लोकांना आत टाकणं कुणालाच शक्य नव्हतं.

लोक ते का लावतात? निंदणाला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत. यात खोटं काही नाही. धोका बियाण्याच्या चोरटेपणाचा आहे: पावती नाही, लेबल नाही, उगवलं नाही तर दाद नाही, आणि रेफ्युजी तर नाहीच. आंतरपीक गेलं हा आणखी एक तोटा. ग्लायफोसेट मारायचं तर ओळीत तूर, मूग, चवळी ठेवता येत नाही, आणि घरच्या डाळीची सोय तिथून जाते.

ग्लायफोसेट माणसाला किती घातक, यावर जागतिक संस्थांचं एकमत नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अनेक देशांच्या नियामकांना ते पटलेलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता ठेवला. गावात असा चालक शोधून दाखवा.

१४. निंदणाऱ्या आणि वेचणाऱ्या बायांचं काय झालं?

हा प्रश्न फार कमी येतो, आला तर बाईकडूनच.

अकोला जिल्ह्यातलं कानझरा हे गाव अभ्यासकांनी वर्षानुवर्षं घरोघरी मोजलंय. तिथल्या अभ्यासात दिसलं की बीटीने बोंडं वाढली, तशी वेचणी वाढली, आणि वेचणी बाया करतात. त्यांच्या हाताला जास्त दिवस काम मिळालं. फवारणी कमी झाल्याने पुरुष मजुरांचं काम घटलं. हे पहिल्या, चांगल्या वर्षांचं चित्र. बोंडअळीच्या वर्षात किडलेलं, कवडीचं बोंड वेचायला जास्त वेळ लागतो आणि मजुरी किलोवर असते. दिवसभर वाकून वजन कमी भरतं.

तणनाशकाने निंदणाचे दिवस थेट जातात. मालक म्हणतो मजूर मिळत नाही. भूमिहीन बाई म्हणते जुलै-ऑगस्टमध्ये काम मिळत नाही. एकाच गावात दोन्ही खरं असू शकतं, कारण काम सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं आणि बाकीचे दिवस कोणालाच नको असतं. चोरबीटीच्या परवानगीवर इतकी वर्षं वाद चाललाय, त्यात या बायांचं म्हणणं मी तरी कुठे नोंदलेलं पाहिलं नाही.

१५. बोंडअळीने पीक गेलं तर भरपाई मिळते का?

मिळू शकते, पण तीन वेगळ्या खिडक्यांवर. बियाण्याची तक्रार महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली ‘जी’ नमुन्यात करायची. त्याला पावती, रिकामं पाकीट आणि लेबल लागतं. विम्याचे आणि आपत्ती निधीचे नियम निराळे. २०१७ च्या डिसेंबरात सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये जाहीर केले, तेव्हा त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्यांचं म्हणणं पडलं की अळीत प्रतिकारशक्ती आली हा बियाण्याचा दोष नव्हे. शास्त्राने पाहिलं तर त्यांचा मुद्दा कच्चा नाही (प्रश्न ५). पण पाकिटावर बोंडअळीपासून संरक्षणाची हमी वाचून ज्याने पैसे मोजले, त्याचाही नाही.

चोरबीटीवाल्याला यातली पहिली खिडकी बंद असते.

१६. कपाशीला परवानगी, मग बीटी वांग्याला का नाही?

जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने (प्रश्न ३) २००९ मध्ये बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला होता. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपुरात झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी स्थगिती दिली आणि ती अजून उठलेली नाही. बांगलादेशात मात्र ते वांगं पिकतं. मोहरीच्या डीएमएच-११ या जनुक बदललेल्या वाणाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मुक्ततेची मंजुरी मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर दोन वेगळे निकाल दिले.

१७. मी सेंद्रिय कपाशी लावतो. चहूबाजूंनी बीटी आहे. माझं प्रमाणपत्र जाईल का?

जाऊ शकतं. कपाशीत बहुतेक परागीभवन त्याच फुलात होतं, पण मधमाशा पराग वाहून नेतात. खरी भेसळ मात्र बियाण्यात आणि जिनिंगमध्ये होते. बिनबीटी बी खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, जमल्यास देशी (गावरान) कपाशी निवडा, कारण तिचा बीटी अमेरिकन कपाशीशी सहज संकर होत नाही. जिनिंगला आपला लॉट वेगळा चालवून घ्या. मशीन आधी साफ केलंय का ते उभं राहून बघा. बिनबीटी बी कृषी केंद्रावर मिळत नाही म्हणून बरेच जण विचारतात: अकोला आणि परभणीची कृषी विद्यापीठं आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था यांच्या बियाणे विभागांकडे एप्रिलमध्येच चौकशी करा. मेअखेर गेलात तर शिल्लक नसतं.